गर्भवतीला 'औषधापुरती' दारूही नको

गरोदरपणातील मद्यपानाचा विषय काढला की, "आपल्या हिंगोलीकडच्या बायका कुठे दारू पितात?" असे मला हमखास ऐकवले जाते. पिणाऱ्या थोड्या असतील, हे मान्य. पण सर्दीला चमचाभर ब्रँडी, किंवा ऊसतोडीवरून आल्यावर अंग दुखते म्हणून दोन घोट, हे 'औषध' घराघरांत ठाऊक आहे.

पोटातील बाळाला औषध आणि दारू हा फरक कळत नाही. आईच्या रक्तातील मद्यार्क वारेतून बाळाच्या रक्तात उतरतो. बाळाचे यकृत कच्चे असल्याने त्याचा निचरा लवकर होत नाही. मेंदू नऊही महिने घडत असतो, म्हणून कोणताच महिना सुरक्षित नाही. किती घेतली तर चालते, याचेही सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही.

१९७३ साली अमेरिकेतील डॉ. जोन्स व डॉ. स्मिथ यांनी या विकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. कमी वजन, लहान डोके, बारीक डोळे व वरचा पातळ ओठ ही त्याची लक्षणे. मात्र चेहरा चारचौघांसारखा असूनही मेंदूला इजा झालेली असू शकते. असे मूल शाळेत एका जागी बसत नाही, शिकवलेले विसरते. मग मास्तर त्याला 'ढ' म्हणतात, घरचे मारतात. दोष मुलाचा नसतो.

एकट्या आईला बोल लावणेही मला मान्य नाही. तो घोट पुष्कळदा घरच्यांच्याच हातून येतो. म्हणून सासूबाईंनी ब्रँडीची बाटली बाजूला ठेवावी आणि नवऱ्यानेही निदान नऊ महिने पिणे सोडावे.

दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी घेतली गेली असेल तर घाबरू नये. आजपासून बंद करावी व डॉक्टरांना सांगावे. रोजची सवय असल्यास एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आसवे-अरिष्टांतही मद्यार्क असतो. तीही विचारूनच घ्यावीत.

झालेली इजा भरून निघत नाही, पण लवकर मदत मिळाली तर मूल पुष्कळ शिकते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी होते. शंका असल्यास तेथे मोकळेपणी सांगा. आणि सर्दीचे म्हणाल, तर गरम पाण्याची वाफ पुरेशी आहे.