पत्रिकांची विक्रांत
तिरोड्याहून समुद्र शेकडो कोस दूर, पण युद्धनौका इथल्या पडवीतही बांधता येते. २०२२ साली नौदलात आलेली ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब. साडेतीनशेपट लहान केली की पाऊण मीटरची, खाटेखाली मावणारी. सांगाडा खोक्याच्या पुठ्ठ्याचा, वर जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या. नाळेचा बाक घाईत चुरगळतोच; तिथं पट्टी अरुंद कापावी, फेव्हिकॉल पातळ लावावा आणि सुकेपर्यंत कपड्यांचे चिमटे काढू नयेत. धावपट्टीचं पुढचं टोक १४ अंशांनी उचललेलं हवं. कोनमापक लावून बघाच! डोलकाठी खराट्याच्या काडीची, तोफा रिकाम्या रिफिलच्या. एनसीसीच्या नौदल शाखेत नौकांच्या प्रतिकृतींची स्पर्धा होते. महागडं किट परवडत नाही म्हणून आपली पोरं त्यात मागे राहू नयेत, असं मला मनापासून वाटतं.