आधी स्वतःची चाचणी

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या आम्हा जुन्या गुरुजींनाही टीईटी सक्तीची केली. मुदत दोन वर्षं. आधी रागच आला. सतरा वर्षं शिकवतोय, आता परीक्षा?

मग एका रविवारी घड्याळ लावून जुना पेपर सोडवला. १५० प्रश्न, १५० मिनिटं. गणित जमलं, बालमानसशास्त्रात मात्र ३० पैकी ११! रोज मुलांपुढे उभा राहणारा मी, मुलाचं मनच विसरलो होतो.

आता वहीत दोन रकाने केलेत: येतं, येत नाही. पहाटेचा अर्धा तास दुसऱ्या रकान्याला. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, पण चुकणाऱ्या पोराकडे बघायची माझी नजर बदलतेय. मला वाटतं, आत्मपरीक्षणाचा खरा निकाल हाच.