घरातल्या बाईची सुट्टी

सुट्टीवरून परत आल्यावर घरातल्या बाईला एकदा विचारून पाहा, "आराम झाला का?" बहुतेक वेळा ती नुसती हसते. मुले खूश असतात, साहेबांच्या फोनमध्ये शेकडो फोटो असतात आणि ती मात्र धुण्याचा ढीग उपसत असते. आठ दिवसांत पाच शहरे, पहाटे उठून बॅगा बांधणे, हलाल जेवण कुठे मिळेल याची रोजची चिंता आणि रात्री हॉटेलच्या खोलीत किटलीवर केलेल्या शेवया. याला सफर म्हणता येईल, सुट्टी म्हणता येणार नाही.

म्हणून या महिन्यात एकाच जागी निवांत राहण्याच्या सुट्टीविषयी बोलू या. जागा आहे ग्रीसमधले हायड्रा हे बेट. ग्रीक लोक त्याला 'इद्रा' म्हणतात. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोटीने साधारण दोन तासांत तिथे पोहोचता येते. क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर आणि वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आसपास.

या बेटावर खासगी मोटारी नाहीत, स्कूटर नाहीत. कचऱ्याची गाडी आणि अशीच एखाद-दुसरी सरकारी गरजेची गाडी सोडली, तर सामान वाहतात ती खेचरे आणि गाढवे. आपल्याला हे नवीन वाटू नये. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे पायी किंवा घोड्यावर गेलेल्यांना ती शांतता ठाऊक आहे. हायड्रा म्हणजे समुद्रातले माथेरान समजा. लहान मुलाचा हात सोडून चालता येते, ही आईसाठी केवढी मोठी विश्रांती आहे, ते आईलाच कळते.

बंदराभोवती डोंगराच्या उतारावर दगडी घरे एकावर एक चढत गेली आहेत. त्यांतली मोठी घरे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या जहाजमालकांची. १८२१ साली सुरू झालेल्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात या बेटाची जहाजे आघाडीवर होती. पुढे वाफेच्या बोटी आल्या, शिडाच्या जहाजांचा धंदा बसला आणि बेट मागे पडले. नवीन बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुने टिकले. १९५७ साली प्रदर्शित झालेला सोफिया लॉरेनचा एक चित्रपट इथे चित्रित झाला होता, १९६० साली गायक लेनर्ड कोहेनने इथे घर घेतले आणि जगाचे लक्ष वळले. आता जुन्या घरांचे रूप बदलायला परवानगी नाही.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे ती तिथल्या दुपारची. ग्रीसमध्ये दुपारच्या शांततेला कायद्याचा आधार आहे. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात दुपारी ३ ते ५.३० शांततेची वेळ असते. त्या वेळात मोठ्याने गाणी लावायची नाहीत, ठोकाठोक करायची नाही. गावातली बरीच दुकानेही बंद होतात. आपल्याकडे याला वामकुक्षी म्हणतात आणि आपल्या घरांत जुनी माणसे कैलुला म्हणत. दुपारची थोडी झोप ही सुन्नत आहे, हे आपण मुलांना सांगतो; पण घरातल्या बाईला ती मिळते का, हे विचारत नाही.

जून महिन्यात तिथे जोहरची वेळ दीडच्या सुमारास होते. नमाज, जेवण आणि मग तीनपासून सारे गावच निजते. शाफई हिशेबाने असरची वेळ सव्वापाचनंतर होते, हनफी हिशेबाने साडेसहानंतर. म्हणजे उठावे, वुजू करावा, नमाज पढावी आणि ऊन कलल्यावर किनाऱ्याच्या पायवाटेने कामिनी या छोट्या बंदरापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालत जावे. सूर्य नऊला काही मिनिटे कमी असताना मावळतो, त्यामुळे मगरिबला उशीर असतो आणि इशा तर साडेदहाच्याही पुढे जाते. मुलांच्या झोपेचा हिशेब त्याप्रमाणे ठेवावा. किब्ला आग्नेयेला येतो. बेटावर मशीद नाही. खोलीतच जमात करावी. अथेन्समध्ये थांबणार असाल, तर व्होटानिकोस भागात २०२० साली सुरू झालेली सरकारी मशीद आहे.

आता जेवणाचे. हलाल मांस मिळेल अशा भरवशावर बेटावर जाऊ नये. त्याची गरजही पडत नाही. मासे, पांढऱ्या मोठ्या वालासारखे 'गिगांतेस', ऑलिव्ह तेलात शिजवलेली भेंडी, वांगी, फरसबी, पालकाची पॅटिस म्हणजे 'स्पानाकोपिता' आणि वर कलिंगड. कोकणी घरांत कोळंबी-माकूळ आवडीने खाल्ले जाते, हनफी घरांत मासळीपलीकडे जात नाहीत. दोघांचीही सोय होते. दोन वाक्ये मात्र पाठ करावीत: 'होरीस क्रासी' म्हणजे दारू न घालता आणि 'होरीस हिरिनो' म्हणजे डुकराचे मांस नको. तिथे काही पदार्थ, विशेषतः ऑक्टोपस, वाईनमध्ये शिजवतात, म्हणून विचारलेले बरे. बेटाची खास मिठाई 'अमिग्दालोता' बदामाची असते.

खोली घेताना स्वयंपाकघर असलेली घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. पैसे वाचतात हे खरे. पण मग परदेशातही तीच बाई ओट्यापाशी उभी राहते. तेव्हा निघण्यापूर्वीच ठरवावे. सकाळचा चहा आणि नाश्ता वडील करतील. दुपारी कोणी काही शिजवणार नाही. पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी एवढेच दस्तरखानावर येईल. संध्याकाळचे जेवण बाहेर. भांडी मोठी मुले घासतील, मुलगेसुद्धा.

काही छोट्या गोष्टी. बेटावर वाळूचे मोठे किनारे नाहीत. लोक खडकांवरून पाण्यात उतरतात, म्हणून मुलांवर नजर हवी. सकाळी लवकर गेल्यास गर्दी नसते आणि पडदा पाळणाऱ्या भगिनींना मोकळे वाटते. पायऱ्या फार आहेत. गुडघे दुखणारी अम्मी किंवा सासूबाई बरोबर असतील, तर खोली बंदराजवळच घ्यावी. सामान कमी न्यावे, कारण ते मुक्या जनावराच्या पाठीवर चढणार आहे. लोटा मात्र बॅगेत असू द्यावा. पाणी जपून वापरावे. एके काळी घराखालच्या टाक्यांत साठवलेल्या पावसावर इथले लोक राहत. ऑगस्टची गर्दी टाळून मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. त्याहून लहानांना माफ. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमाही लागतो.

एवढा खर्च प्रत्येक घराला झेपणार नाही, हे उघड आहे. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये. पण हायड्राची दुपार फुकट आहे. ती माथेरानला नेता येते, मुरुडला मामाच्या घरी नेता येते, रविवारी आपल्याच फ्लॅटमध्ये आणता येते. दुपारी दोन-अडीच तास टीव्ही बंद, फोन बाजूला, कोणी चहा मागणार नाही, दारावरची बेल वाजली तर मुलगा उठेल. ग्रीक लोक एकमेकांना 'सीगा-सीगा' म्हणतात, म्हणजे हळूहळू, दमाने.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे तिकीट काढण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कुठे जायचे हे नंतर ठरवा. कोण काय काम करणार, याची यादी आधी लिहा आणि त्या यादीत अम्मीच्या नावापुढची जागा या वेळी कोरी सोडा.