गाडी विकली, पण आरसीवर नाव तुमचंच? जास्त रनिंगची एसयूव्ही विकताना काय पाहावं?

दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या डिझेल एसयूव्हीला डीलर भाव पाडूनच मागतात. त्यामुळे अनेक मालक थेट ग्राहक शोधतात. दोन पैसे जास्त मिळतात, पण कागदपत्रांची जबाबदारीही विकणाऱ्यावरच येते.

धोका नेमका काय?
मोटार वाहन कायद्यानुसार आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणातली गाडी अनेक हातांतून गेली होती, आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. गाडीचा विमा संपलेला असेल, तर ही रक्कम थेट खिशातून जाते.

मुदत किती?
कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी परराज्यात जाणार असेल, तर ४५ दिवस मिळतात आणि एनओसी लागते. खरेदीदाराला अर्जासाठी ३० दिवस असतात.

कोणते कागद लागतात?
• फॉर्म २९ आणि ३०. परराज्यासाठी फॉर्म २८
• कर्ज फिटलं असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
• चालू विमा आणि पीयूसी
• थकीत ई-चलन भरल्याची पावती

डीलरला दिली तर?
१ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद होते आणि जबाबदारी डीलरकडे जाते. थेट विक्रीत ही सोय नाही.

रनिंग लपवावं का?
नाही. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत प्रत्येक भेटीचं रीडिंग असतं, त्यामुळे मागे फिरवलेलं मीटर लगेच उघडं पडतं. उलट क्लच, सस्पेन्शन, टायर कधी बदलले याची बिलं दाखवली, तर भाव टिकतो.

चावी देण्याआधी
विक्री करारावर तारखेसोबत वेळही लिहा. खरेदीदाराच्या आधार आणि पॅनची प्रत घ्या. पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री करा. फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि नव्या गाडीला वापरता येतो.

‘ट्रान्सफर नंतर करू’ असं खरेदीदार म्हणाला, तर फॉर्मवर सह्या होईपर्यंत चावी देऊ नका. पुढेही परिवहन पोर्टलवर नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.