खुबा बदलला, पण भोवतालच्या हाडाचे काय?



खुब्याचे ऑपरेशन झालेला माणूस आपल्या वस्तीत आता नवलाचा राहिलेला नाही. "बॉल बदललाय", "पायात रॉड टाकलाय" असे आपण सहज सांगतो आणि माणूस काठी सोडून चालू लागला की विषय संपला असे समजतो. धातूचा दांडा आहे तसाच राहतो हे खरे. पण ज्या मांडीच्या हाडात तो बसवलेला असतो, ते हाड जिवंत असते आणि ते पुढे वर्षानुवर्षे बदलत राहते. आज त्या हाडाबद्दल.

मी पडलो कारकून, तेव्हा हिशेबाच्या भाषेत सांगतो. हाडाचे खाते रोज चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या तिथे नवे भरतात. खर्च आणि जमा. कुठे किती भरायचे हे बऱ्याच अंशी भारावर ठरते. जिथे भार पडतो तिथे हाड भक्कम होते, जिथे पडत नाही तिथे विरळ. जर्मनीचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम पुस्तकातून मांडला. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हाड झिजत जाते, ते याच नियमाने.

आता खुब्याकडे या. साधे चालताना एका खुब्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. निरोगी माणसात तो गोळ्यातून, मानेतून मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात उतरतो. ऑपरेशनमध्ये गोळा कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत दांडा बसवतात. मग भार दांड्यातून थेट खाली जातो आणि हाडाला तो बराच खाली गेल्यावर मिळतो. दोघे मिळून कपाट उचलत असताना एक धट्टाकट्टा निघाला तर दुसऱ्याचा हात नुसता लागलेला राहतो, तशी वरच्या हाडाची गत होते. टायटॅनियमचा मिश्रधातू हाडापेक्षा साधारण सहा पट ताठ असतो आणि कोबाल्ट-क्रोमचा दहा पटींहून जास्त. काम गेलेले हाड मग विरळ होऊ लागते. ही घट पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जास्त होते, पुढे मंदावते. उलट दांड्याच्या टोकाशी, जिथे भार उतरतो, तिथे हाड कधी कधी चक्क जाड झालेले दिसते.

हे कळले कसे? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील डॉ. चार्ल्स एंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांची मांडीची हाडे तपासली. एका पायात दांडा आणि दुसरा पाय मूळचा, म्हणजे तुलना त्याच माणसाच्या हाडाशी. आपले हाड तपासायला देऊन गेलेल्या त्या माणसांचे उपकार मोठे आहेत. त्यातून दिसले की ज्यांचे हाड मुळातच अशक्त होते, त्यांचे दांड्याभोवतीचे हाड जास्त घटले. दुसरी गोष्ट धीराची आहे. हाड विरळ झाले म्हणून दांडा सैल झालाच असे नाही. घट्ट धरलेला दांडा विरळ हाडातही वर्षानुवर्षे नीट काम देतो.

घट्ट धरतो कसा, तेही पाहू. एक पद्धत सिमेंटची. इंग्लंडमध्ये राइटिंग्टन येथे सर जॉन चार्नली यांनी १९६२ पासून जी शस्त्रक्रिया रूढ केली ती हीच. हे घराचे सिमेंट नव्हे, एक प्रकारचे प्लास्टिक असते. दुसऱ्या पद्धतीत सिमेंट नसते. दांड्याचा पृष्ठभाग खरखरीत, बारीक छिद्रांचा ठेवतात आणि हाड त्या छिद्रांत वाढून दांड्याला धरते. याला काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्या काळात दांडा हलता कामा नये. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पन्नासेक भाग हालचाल हाड सोसते. दीडशेच्या पुढे गेली की हाडाऐवजी मऊ पापुद्रा धरतो आणि दांडा कधीच पक्का होत नाही. "वॉकर सोडू नका, सांगितले तेवढेच वजन टाका" असे डॉक्टर बजावतात ते यासाठी. कामावर लवकर जायची निकड आपल्या घरांतून किती असते हे मला ठाऊक आहे, तरीही हे दिवस कसेही करून काढावेतच.

खरा धोका मात्र वेगळा आहे. वाटीतले प्लास्टिक चालता चालता झिजते आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हाडाजवळ साचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या खवळतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर आसपासचे हाड खाल्ले जाऊ लागते. सुरुवातीला डॉक्टरांनी दोष सिमेंटला दिला होता, म्हणून त्याला 'सिमेंटचा रोग' असे नाव पडले. पुढे बिनसिमेंटच्या खुब्यांतही तेच दिसू लागले आणि खरा चोर सापडला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जास्त चिवट प्लास्टिक आले, त्याने हा त्रास पुष्कळ कमी केला. संपवला नाही. आणि हे हाड खाल्ले जात असताना बहुधा दुखत नाही. दुखू लागते ते दांडा किंवा वाटी सैल झाल्यावर, किंवा हाड मोडल्यावर. तोवर दुसऱ्या ऑपरेशनला आधार द्यायला हाडच कमी उरलेले असते. ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग.

विदर्भातील वाचकांनी हे अधिक लक्षपूर्वक वाचावे. तिथे आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल आढळतो. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, खुब्याच्या गोळ्याला रक्त मिळत नाही आणि गोळा मरतो. असे रुग्ण बहुधा तरुण असतात. सत्तरीतल्या आजीला बसवलेला खुबा तिला जन्मभर पुरू शकतो, पंचविशीतल्या मुलाच्या खुब्याने चाळीस-पन्नास वर्षे काढायची असतात. त्यातून त्याचे हाड रोगाने आधीच बिघडलेले, जंतुसंसर्गाची भीतीही जास्त. सिकलसेल असलेल्या पोराला मांडीच्या सांध्यात सतत दुखत असेल तर नुसत्या गोळ्यांवर दिवस ढकलू नयेत. लवकर दाखवले तर कधी कधी मूळचा खुबा वाचवता येतो. बराच काळ स्टिरॉइडची औषधे घेणाऱ्यांचा आणि दारूच्या आहारी गेलेल्यांचाही गोळा असाच मरतो.

ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीला एक्स-रे काढावा, दुखत नसले तरी. एक दिवसाचा रोज बुडतो हे खरे, पण दुसऱ्या ऑपरेशनला महिने बुडतात. पहिला एक्स-रे कधी टाकू नये, कारण नव्याची तुलना त्याच्याशीच करायची असते. चालणे सोडू नये, हाडाला त्याचा भार मिळालाच पाहिजे. मात्र उड्या मारणे, जड ओझे उचलणे, जमिनीवर उकिडवे बसणे हे डॉक्टरांना विचारूनच. मांडीत नव्याने दुखू लागले, विशेषतः बसल्याचे उठताना किंवा पहिली पावले टाकताना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आणखी एक. बसवलेल्या भागांच्या खोक्यावर छोटी स्टिकरे असतात. त्यांवर कंपनी, माप आणि नंबर छापलेला असतो. त्यांची एक प्रत डिस्चार्जच्या कागदावर लावून मागावी. उद्या दुसऱ्या गावच्या डॉक्टरला नुसती वाटी किंवा गोळा बदलायचा झाला, तर आत कोणते माप बसवले आहे हे त्याला त्यावरूनच कळते. हा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा आणि तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावे.