ताप उतरला, आता खेळायला जाऊ?

मुलांनो, आज आधी एक कोडं घालतो. असा कोणता ताप आहे, की तो अंगात फणफणत असतो तेव्हापेक्षा उतरतो तेव्हा डॉक्टर जास्त सावध होतात?

करा विचार. खालच्या ओळीकडे चोरून बघायचं नाही हं!

बरोबर. डेंग्यू.

आमच्या विष्णुपुरीत गोदावरीवरचं धरण आहे, विद्यापीठ आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालयही आहे. पावसाळा सरत आला, की शाळेत एखाद-दुसरी जागा रिकामी दिसू लागते. 'सर, तिला ताप आलाय.' चार दिवसांनी निरोप येतो, 'सर, ताप गेला, उद्या येते शाळेत.' ताप गेला म्हणजे दुखणं गेलं, असं आपण धरून चालतो. बहुतेक तापांत ते खरंही असतं. डेंग्यूची बहुतेक मुलंही आठवड्याभरात बरी होतात. पण थोड्या मुलांच्या बाबतीत खरी कसोटी ताप उतरतानाच सुरू होते. ती थोडी मुलं कोणती, हे आधीच कसं ओळखायचं? आजची गोष्ट त्याचीच.

तुमच्या घरी मातीचा रांजण असेल तर त्याला हात लावून बघा. बाहेरून ओलसर लागतो. आतलं पाणी भिंतीतून थोडं थोडं पाझरतं, म्हणून तर पाणी गार राहतं. आपल्या रक्तवाहिन्याही थोड्या पाझरतातच. पण डेंग्यू गंभीर होतो तेव्हा त्यांच्या भिंती भलत्याच पाझरू लागतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरायच्या सुमारास हे घडतं आणि एक-दोन दिवस चालतं. रक्तातलं पाणी पोटात आणि फुप्फुसांभोवती जाऊन साचतं. वाहिन्यांत उरलेलं रक्त घट्ट होतं आणि सगळ्या शरीराला पुरेनासं होतं. हातपाय गार पडतात, नाडी क्षीण होते.

आता तुम्ही म्हणाल, 'सर, रक्त तपासलं की कळेलच की!' कळतं, पण काय कळतं ते नीट समजून घ्या.

पहिली तपासणी असते डेंग्यू आहे की नाही, याची. सुरुवातीच्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचं 'एनएस-1' नावाचं प्रथिन सापडतं. पुढे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली 'आयजीएम' प्रतिपिंडं सापडतात. ही प्रतिपिंडं शोधायचे संच आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात आणि देशभरच्या सरकारी रुग्णालयांत जातात. ही संस्था 1952 सालची. पण या तपासण्या 'डेंग्यू आहे' एवढंच सांगतात. तो साधा राहील की गंभीर होईल, हे सांगत नाहीत.

मग घरोघरी चर्चा सुरू होते प्लेटलेटची. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं जो तो विचारतो, 'किती झाल्या?' प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे बारीक कण. एका घनमिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी रक्तात, ते साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत ते कमी होतातच. पण नुसत्या त्या एका आकड्यावरून धोका ठरत नाही.

त्याच रिपोर्टवर आणखी एक आकडा असतो. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्याचं नाव हिमॅटोक्रिट, कुठे 'पीसीव्ही' असंही लिहितात. ताक ठेवून दिलं की दाट भाग खाली बसतो आणि वर पाणी येतं ना? तसं नळीतलं रक्त गरगर फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. रक्ताच्या शंभर भागांत तांबड्या पेशींचे भाग किती, ते म्हणजे हिमॅटोक्रिट. पाणी पाझरून गेलं की हा आकडा वाढतो.

आता एक गणित करा. मीना आणि सोनू, दोघांनाही डेंग्यू. दोघांच्याही प्लेटलेट 90 हजार. सोनूचं हिमॅटोक्रिट 36 होतं, ते 37 झालं. मीनाचं 35 होतं, ते 42 झालं. डॉक्टर आधी कुणाकडे धावतील?

मीनाकडे! 35 चे 20 टक्के किती? 7. म्हणजे मीनाचं रक्त 20 टक्क्यांनी घट्ट झालं. 20 टक्के वाढ ही पाणी बऱ्यापैकी पाझरल्याची खूण मानतात. थायलंडमध्ये बँकॉकला 1958 साली मुलांमध्ये या आजाराची मोठी साथ आली. तिथल्या बालरुग्णालयातल्या डॉ. सुचित्रा निम्मान्नित्या यांनी वर्षानुवर्षं अशी मुलं तपासली आणि त्यांच्यावर कसे उपचार करायचे याची पद्धत बसवली. ती पुढे जगभर गेली. वेळेवर ओळखून मापात सलाईन दिलं, तर गंभीर डेंग्यूतही दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी राहतं. 'मापात' का म्हटलं? जास्त झालं तरी तेच पाणी फुप्फुसांभोवती साचतं.

पण हिमॅटोक्रिट वाढतं कधी? पाझर सुरू झाल्यावर. त्याच्याही आधी, तापाच्या पहिल्या तीन दिवसांतच सांगता आलं तर? शास्त्रज्ञ आता याच्याच मागे आहेत. व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया आणि एल साल्वादोर या देशांतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या तीन दिवसांतल्या रक्तात दहा खुणा मोजल्या होत्या. त्यातली एक सिंडिकॅन-1. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक लेप असतो, त्यातलं हे प्रथिन. रांजणातल्या पाण्यात आतल्या लेपाचे कण दिसू लागले, तर भिंत खराब होतेय हे आपण ओळखू की नाही? तसंच हे. फेरिटिनसारख्या काही खुणा शरीराची संरक्षक फौज किती खवळली आहे, ते सांगतात. एकट्या खुणेपेक्षा पाच-सहा खुणा मिळून अंदाज जास्त चांगला बांधता येतो, असं त्यांना दिसलं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2022 साली दुसरी वाट दाखवली. रक्तपेशींतली कोणती जनुकं जागी झाली आहेत हे पाहायचं. त्यांनी आठ जनुकं निवडली आणि कोलंबियातल्या रुग्णांवर पडताळा घेतला. पुढे गंभीर झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे 86 जणांना ही चाचणी आधीच ओळखू शकली. छान ना? पण उरलेले 14 निसटले, हेही लक्षात ठेवा. शिवाय गंभीर न होणाऱ्या शंभरांतल्या सुमारे 20 जणांच्या नावाने उगाच घंटा वाजली. म्हणून अशा चाचण्या अजून रोजच्या वापरात आलेल्या नाहीत. काम चालू आहे. कुणी सांगावं, ते पूर्ण करणारी एखादी मुलगी आज हे पान वाचत असेल.

तोवर काय करायचं? एक काम तुम्हीही करू शकता. घरात कुणाला ताप आला, की भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथे आई दुधाचा हिशोब लिहिते तिथेच, त्या तारखेवर '1' लिहा. दुसऱ्या दिवशी '2'. डॉक्टर विचारतात, 'ताप कधीपासून?' तेव्हा घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघत बसतात. तुम्ही चटकन सांगाल, 'आज चौथा दिवस.' कोणती तपासणी कधी करायची, हे त्या दिवसावर ठरतं.

आणि ताप उतरला तरी पुढचे दोन दिवस नजर ठेवा. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, फार मरगळ किंवा विनाकारण तळमळ, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

जाता जाता रांजणाचं राहिलंच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन् महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने आतून खसाखसा घासायचं.

तर सांगा, ताप उतरला म्हणून लगेच खेळायला जायचं का?

दोन दिवस थांबा. मैदान कुठे पळून जात नाही!