कंडेन्सरांची माळ

शास्त्रांतील नवे शोध मोठ्या प्रयोगशाळांनीं लावावे आणि आपण त्यांचीं वर्णनें पाठ करावीं, अशी आमच्या विद्यार्थ्यांची, व त्यांहूनही अधिक त्यांच्या पालकांची, समजूत दिसते. ती सर्वस्वीं खरी नाहीं, असें आम्हांस वाटतें.

जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथें १८९५ सालीं राँटजेननें क्ष-किरण शोधून काढले, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच गांवच्या विद्यापीठांत २००७ सालीं पारा व टेल्युरियम यांच्या संयुगाच्या अत्यंत पातळ थरांत एक चमत्कार दिसला. थराच्या मधून वीज वाहत नाहीं, कडेनें मात्र वाहते! अशा पदार्थांस टोपॉलॉजिकल विद्युद्रोधक म्हणतात. कडें वांकविलें, चेपलें, तरी त्याचें भोंक जात नाहीं. तद्वत् पदार्थांत थोडे दोष राहिले तरी ही कडेची वाट बुजत नाहीं. परंतु तें पाहण्यासाठीं तो थर निरपेक्ष शून्याच्या अगदीं जवळ थंड करावा लागला. शाळेस हें कोठून साधणार?

येथें गणित आमच्या मदतीस येतें. स्फटिकांत अणूवरून अणूवर जाणारा इलेक्ट्रॉन जें समीकरण पाळतो, त्याच घाटाचें समीकरण कंडेन्सर व तारेचीं वेटोळीं यांच्या जाळ्यांत, किरचॉफच्या १८४५ सालच्या नियमांवरून, निघतें. २०१८ सालीं व्युर्त्सबुर्गच्याच संशोधकांनीं अशा जाळ्याच्या कोपऱ्यांत वीज एकवटलेली दाखविली.

याहून सोपी रचना एका ओळीची. तिचा हिशेब सू, श्रीफर व हीगर यांनीं १९७९ सालीं एका लांब साखळीसारख्या रेणूसाठीं मांडला होता. ०.१ व ०.२२ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आलटून पालटून जोडावे; प्रत्येक सांध्यापासून जमिनीकडे १० मायक्रोहेनरीचें वेटोळें सोडावें. टोकाच्या सांध्यांस शेजारी एकच. म्हणून तेथें उणा पडलेला कंडेन्सर जमिनीस जोडावा. मग सेकंदास सुमारें ८९ हजार आवर्तनांची वीज द्यावी. ओळ लहान कंडेन्सरनें सुरू होत असेल आणि पहिल्या सांध्यावर १० व्होल्ट असतील, तर दुसऱ्यावर जवळजवळ कांहींच नाहीं, तिसऱ्यावर सुमारें साडेचार, पांचव्यावर दोन. वीज टोकाशींच दाटून राहते! तीच ओळ मोठ्या कंडेन्सरनें सुरू करा, कीं हा सर्व प्रकार नाहींसा होतो. मापांत थोडा उणाअधिकपणा असला तरी टोकाची दाटी मोडत नाहीं.

कोणी म्हणेल, ही तर नक्कल झाली. होय, नक्कलच, आणि तसें स्पष्ट सांगावें. तारेचा रोध येथें वीज खातो, आणि एकट्या इलेक्ट्रॉनचें वागणें येथें दिसत नाहीं. अशा माळेस नवा पदार्थ म्हणून मिरविणें आम्हांस मान्य नाहीं. तथापि स्फटिकांतील प्रत्येक अणूस तार लावून दाब मोजतां येत नाहीं. माळेच्या प्रत्येक सांध्यास ती लावतां येते. या नकलेंत अस्सलाहून अधिक उघडें दिसतें तें हेंच.

मग अडतें कोठें? शाळांच्या कपाटांस कुलुपें असतात, आणि गतवर्षीच्या वहींतून उतरलेला प्रयोग पूर्ण गुण मिळवितो. मार्गदर्शक पुस्तकांसाठीं पैसे देणारे वडील, मुलगा डाग देण्याची कांडी घेऊन बसला, कीं वेळ फुकट गेला म्हणतात! वीस सांध्यांच्या माळेस वीस वेटोळीं व एकवीस कंडेन्सर लागतात. चौघांनीं मिळून ती जुळवावी, आणि आधीं लहान कंडेन्सर कीं मोठा, याचा वाद शिक्षकांस न विचारतां मोजून मिटवावा.